गियूला लाट नको, ओहोटी हवी

पत्र

मावशी, मी 19 वर्षांची. घर वेळणेश्वरला, कॉलेज रत्नागिरीला. दिवाळीच्या सुट्टीत ‘डेमन स्लेयर’ या जपानी अ‍ॅनिमेमधल्या गियू तोमिओकाचा कॉस्प्ले करून, म्हणजे त्याचा वेश घालून, फोटो काढायचं ठरवलंय. तो पाण्याच्या श्वासाची तलवारबाजी करतो, म्हणून हेदवीच्या बामणघळीत पाणी उसळतं त्याच्यासमोर, सूर्यास्ताच्या सोनेरी उजेडात फोटो हवाय. मैत्रिणीकडे जुना डीएसएलआर आणि 50 मिमीची लेन्स आहे, फ्लॅश नाही. काकू ब्लाउज शिवते, ती हाओरी, म्हणजे त्याचा वरचा सैल जपानी अंगरखा, शिवून देईन म्हणते. खर्चाला 3,000 रुपये आहेत. ऑनलाइन धातूची तलवार मिळतेय, ती घेऊ का? निळ्या लेन्स मागवू का? आणि आई म्हणते, “शिमगा कधीच झाला, आता हे कसलं सोंग?” तिला काय सांगू?

— पाणीवाली, ता. गुहागर

उत्तर

पाणीवाले,

कापड, तलवार, दिवे सगळं बाजूला ठेव आणि आधी कालनिर्णय काढ. पाऊणकी पाठ असलेलं एखादं म्हातारं माणूस तुमच्या वाडीत अजून असेलच. त्यांना विचार, तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते. आठ पाऊणे सहा, म्हणून अष्टमीला भरती सहाच्या सुमाराला. पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणून अमावस्येला भरती सव्वाअकराच्या आसपास, आणि तिथून सहा-सव्वासहा तासांनी, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या पुढेमागे, पाणी पार आत गेलेलं. हिशोब ढोबळ आहे, थोडं इकडेतिकडे होतं, पण बेत आखायला पुरतो. नक्की वेळ जवळच्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घे. दिवाळी म्हणजे अमावस्या, म्हणजे उधाणाचे दिवस. भरती मोठी आणि ओहोटीही मोठी.

आता तुझी बामणघळ यात बसवून बघ. खडकाच्या त्या अरुंद घळीतून पाणी उसळतं ते भरतीला, आणि दिवाळीत ती भरती येणार भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना. त्या उन्हात भुवयांखाली काळे खड्डे पडतात. गियू आधीच गंभीर चेहऱ्याचा, तो आजारी दिसेल. तुझं सोनेरी ऊन पडेल तेव्हा ओहोटी लागलेली, घळीत उडायला पाणीच नाही. अष्टमीपर्यंत थांबलीस तर भरती आणि सूर्यास्त जुळतात खरे, पण ते भांगाचे दिवस, पाण्याला तेवढा जोर नसतो. आणि समज, सगळं जुळलं असतं, तरी मी नाहीच म्हटलं असतं. ओला कातळ, अंगावर रुंद बाह्यांची हाओरी, हातात तीन फुटी तलवार, लक्ष कॅमेऱ्याकडे आणि पाठ समुद्राला. समुद्राकाठी वाढलेल्या मुलीला यापुढे काही सांगावं लागू नये. घळीचं पाणी फोटोत हवंच असेल तर लांबून, ट्रायपॉड लावून नुसत्या पाण्याचे फोटो घे आणि नंतर संगणकावर जोड.

मला मात्र वाटतं की तुला ते उसळतं पाणी नकोच आहे. तू गियूची चाहती, तुला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार: पाण्याच्या श्वासाचे दहा प्रकार त्याला गुरूकडून मिळाले, अकरावा त्याचा स्वतःचा. आणि त्या अकराव्यात लाटबिट काही नाही. तो नुसता उभा राहतो, आणि त्याच्या आवाक्यात आलेला प्रत्येक वार तिथल्या तिथे विरतो. वारा पडल्यावर समुद्र निपचित होतो ना, तसं. लाटा फोडणारे गियू इंटरनेटवर पोत्याने सापडतील. ओहोटीनंतरच्या चकचकीत ओल्या वाळूवर, पायाखाली स्वतःचं प्रतिबिंब घेऊन निश्चल उभा असलेला गियू क्वचित दिसेल. आणि ती वाळू दिवाळीच्या संध्याकाळी तुझ्या दारात फुकट आहे.

तेव्हा दिवस पाडव्याचा धर. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तुला घराबाहेर कोण सोडणार? पाडव्याला पूर्ण ओहोटी साडेसहाच्या पुढेमागे येते, सूर्य सहा ते सव्वासहाच्या दरम्यान बुडतो, म्हणजे तू उभी असशील तेव्हा पाणी मागे जात असेल, अंगावर येणार नाही. संध्याकाळी वाराही बहुधा पडतो. सुट्टीमुळे किनाऱ्यावर पर्यटक असतील, पण एवढ्या ओहोटीला किनारा इतका रुंद होतो की चार पावलं पुढे गेलीस तर चौकटीत कोणी येत नाही.

दुसरी गोष्ट सोनेरी उजेडाची. सोनेरी ऊन सगळ्यांनाच आवडतं आणि लग्नाआधीच्या फोटोंना ते शोभतंही. गियू मात्र थंड रंगाचा माणूस आहे. त्याच्या हाओरीचा उजवा अर्धा भाग गडद लाल, डावा अर्धा हिरव्या-नारिंगी-पिवळ्या भौमितिक नक्षीचा. सोनेरी उन्हात लाल नारिंगीकडे झुकतो, पिवळा आणि नारिंगी एकमेकांत मिसळतात, हिरवा मळकट होतो. दोन अर्धे वेगळे दिसणं हाच त्या पोशाखाचा प्राण, आणि तोच जातो. सूर्य बुडाल्यावर आकाश आणि ओली वाळू निळसर होते, त्या निळ्यावर लाल उठून येतो. तेव्हा खरे फोटो सूर्यास्तानंतर. आपल्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे हा उजेड 20-22 मिनिटांत संपतो. तेवढ्यात पोज सुचायची वाट बघत बसता येणार नाही. चार-पाच पोज आधी घरात आरशासमोर पक्क्या कर आणि कागदावर काढून मैत्रिणीच्या हातात दे.

म्हणजे उजेड ठरला. आता कापड. निळ्या उजेडात लाल रंग काळपट पडतो, हे बाजारात जाण्याआधी डोक्यात ठेव. मूळ चित्रातला मरून बघून हुबेहूब तसंच कापड आणलंस तर फोटोत ते काळं येईल. एक-दोन छटा उजळ लाल घे. दुकानातून तीन-चार छटांचे वीतभर तुकडे आण, एखाद्या संध्याकाळी सूर्य बुडल्यावर ते किनाऱ्यावर धरून त्याच कॅमेऱ्याने फोटो काढ आणि मग ठरव. एवढ्या एका खटाटोपाने तुझे निम्मे पैसे वाचतील. साटीन नको. फोटोत ते नाटक कंपनीच्या पेटाऱ्यातलं दिसतं आणि दिव्याचा उजेड त्यावर पांढरा डाग बनून बसतो. जाडसर सुती घे, पॉपलीनपेक्षा थोडं वजनदार, पडेल असं. शिवण्याआधी धुऊन घ्या, नाहीतर नंतर लाल अर्धा आटेल आणि नक्षीचा नाही.

काकूला सांग, हाओरी शिवणं ब्लाउजपेक्षा सोपं आहे. मुंडा नाही, टक्स नाहीत, घेर काढायचा नाही. सगळे लांबट चौकोन: पाठीचे दोन, पुढचे दोन, बाह्यांचे दोन आणि गळ्यापासून खालपर्यंत जाणारी एक पट्टी. पुढून ती उघडीच राहते, मांडीच्या खालपर्यंत येते. तरी आधी मांजरपाटाची एक कच्ची हाओरी धावदोऱ्याने जोडून अंगावर घाल आणि हात वर करून बघ. तलवार उगारताना खांद्यावर ओढ बसते का, ते तिथेच कळतं. एका गोष्टीवर मात्र काकूच्या मागे उभी राहा: लाल बाजू तुझ्या उजव्या हाताला यायला हवी. कापड उलटं करून शिवताना बाजू हमखास बदलतात. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेले लोकांचे फोटोही उलटे असतात, त्यावरून कापू नका. कापण्याआधी खडूने प्रत्येक तुकड्यावर ‘उजवी’, ‘डावी’ लिहा, आतल्या बाजूने.

नक्षीचं कापड छापून घेण्यापेक्षा हाताने रंगव. पैसेही वाचतील आणि दिसेलही चांगलं. जुन्या एक्स-रे फिल्मवर नक्षीचा एक घटक कापून स्टेन्सिल कर. पिवळ्या सुती कापडावर आधी हिरवा, तो पूर्ण वाळल्यावर नारिंगी, असं ठोकत जा. कापडाचे रंग आणि स्पंजचा तुकडा पुरे. ब्रशने ओढू नकोस, रंग फिल्मखाली शिरतो. आपल्याकडची दमट हवा वाळू देत नाही, दोन रंगांत एक रात्र जाऊ दे, मग मागून इस्त्री. पिवळा जरा फिकाच घे, निळ्या उजेडात तोही मंदावतो.

आणि हाओरी नवी दिसू देऊ नकोस. तिचा लाल भाग त्याच्या मेलेल्या बहिणीच्या कपड्याचा, नक्षीचा भाग मेलेल्या मित्राच्या. दोन माणसांची आठवण अंगावर घालून तो फिरतो, आणि दुकानातून काल आणलेली घडी पडलेली हाओरी घातलीस तर ही गोष्टच निघून जाते. शिवून झाली की तीन-चारदा धू, उन्हात वाळव, कडांना आणि बाहीच्या टोकांना पॉलिश पेपर हलकेच घास. मधली शिवण मुद्दाम थोडी दिसू दे. काकूला हे पटणार नाही, तिला सांभाळून घे.

वाऱ्याचा बंदोबस्त खालच्या दुमडीत करायचा. जाळ्याला लावतात ते शिशाचे छोटे गोळे कोणा खारवी काकांकडून मागून आण, कापडाच्या पट्टीत गुंडाळ आणि दुमडीत हाताने टाचून टाक. पाठीला दोन, पुढे एकेक. वाऱ्यावर उडणारी हाओरी या फोटोला नको आहे. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धू, आणि नंतर ते काढून ठेव.

आतला गणवेश पटकन उरकू. गोष्ट घडते ती तैशो काळात, म्हणजे 1912 ते 1926. तेव्हाच्या जपानी विद्यार्थ्यांच्या गणवेशासारखं, उभ्या कॉलरचं, पुढे बटणांचं गडद जाकीट त्यांच्या अंगात असतं. बाबांचा किंवा भावाचा जुना गडद शर्ट, त्याची कॉलर काकूने नेहरू शर्टासारखी करून दिली आणि पितळी बटणं लावली की झालं. खाली ढगळ पँट, पोटरीवर पट्ट्यांनी बांधलेली. हाओरीतून हे दोन वितीच दिसतं. इथे पैसे घालू नकोस.

तलवारीबद्दल मात्र स्पष्टच सांगते. धातूची घेऊ नकोस. धार नाही, शोभेची आहे, असं विकणारा सांगेल. आपल्याकडे शस्त्र अधिनियम 1959 आहे आणि त्याच्या नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याच्या तलवारी-खंजीर परवान्याच्या यादीत येतात. सणाच्या गर्दीत, अंधार पडताना किनाऱ्यावर चकाकणारी तीन फुटी तलवार घेऊन उभी राहिलीस तर पर्यटकांपैकी कोणीतरी पोलिसांना फोन करणारच, आणि धार आहे की नाही याची चर्चा मग चौकीत होईल. गंमत म्हणजे गियूच्या जगातही हीच पंचाईत आहे. जपानने उघड तलवार बाळगायला 1876 मध्येच बंदी घातली होती, त्यामुळे त्या गोष्टीतली पोरं पोलीस दिसले की तलवारी लपवतात. शिवाय धातूचं पातं आभाळ परावर्तित करतं, फोटोत पांढरी फट दिसते.

तुझ्या गावात याहून चांगला माल आहे. मांडवाला वापरतात ती वाळलेली पोफळीची रीप घे, सरळ आणि बिनगाठीची. काताना, म्हणजे गियूची जपानी तलवार: पातं साधारण 70 सेंटिमीटर, मूठ धरून मीटरभर. रंधा मारून एका बाजूने निमुळती कर, टोक बोथट गोल ठेव. काताना किंचित वाकडी असते. रीप वाफेवर धरून दोन विटांच्या मध्ये वजन ठेवून रात्रभर ठेवलीस तर थोडा बाक येतो. नाही आला तर पाठीकडून रंध्याने बाक काढ, कोणी पट्टी लावून मोजणार नाही. मग लाकडाची लांबी (पुट्टी) भरून 120, 220, 400 नंबरच्या पॉलिश पेपरने क्रमाने घास. पोफळीचे तंतू उभे राहतात, इथे आळस केलास तर जवळच्या फोटोत पातं झाडूची काडी दिसेल. वर काळसर करडा मॅट रंग, तो वाळल्यावर पेन्सिलीच्या शिशाची भुकटी कापडाने चोळ. चांदीचा कागद, चंदेरी स्प्रे काही नको. ग्रॅफाइटची चमक मंद असते आणि कॅमेऱ्याला तीच पोलाद वाटते. गियूचं पातं निळ्या झाकेचं, तेव्हा शेवटी निळ्या रंगाचा अगदी पातळ हात. धारेच्या कडेला पेपर पुन्हा एकदा मारून ती फिकी कर.

मुठीवर नाडी. पायजम्याची चपटी नाडी तिरपी गुंडाळत मध्ये चौकटी सोडायच्या, आत आधी पांढरं कापड चिकटवून. पात्याच्या मुळाशी असते ती ढाल जुन्या योगा मॅटचे दोन थर जोडून कर. चिकटवायला चपला दुरुस्त करणारे वापरतात तो पिवळा गोंद: दोन्ही बाजूंना लाव, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांब आणि मग दाब. पडवीत बसून कर, त्याचा वास डोक्यात जातो. ग्लू गनवर विसंबू नकोस, उन्हात तापलेल्या गाडीत तो गोंद मऊ पडतो आणि किनाऱ्यावर पोचेपर्यंत ढाल हातात येते. म्यानासाठी पीव्हीसी पाइप उकळत्या पाण्यात मऊ करून फळीखाली चपटा कर. पातं त्यात खुपसायच्या भानगडीत मात्र पडू नकोस, रंग खरवडेल. उपसलेल्या पोजमध्ये म्यान रिकामं दिसतं, न उपसलेल्या पोजसाठी म्यानाच्या तोंडाशी एक वेगळी खोटी मूठ अडकव. या कामांत अडलीस तर जवळच्या नमन मंडळात जा. खेळ्यांच्या लाकडी तलवारी करणारा माणूस तुला दहा मिनिटांत जे दाखवील ते व्हिडिओत सापडायचं नाही.

आता उजेड. तुला फ्लॅश नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस, मला तो इथे नकोच होता. दिशा नीट समजून घे. समुद्र पश्चिमेला. समुद्राकडे पाठ करून उभी राहिलीस तर उजेड सगळा मागे आणि चेहरा काळा. समुद्राकडे तोंड केलंस तर चेहरा सुंदर उजळेल, पण फोटोत मागे सुरूची झाडं आणि भेळेची गाडी. म्हणून किनाऱ्याच्या लांबीत फोटो काढा. मैत्रिणीने उत्तरेकडे उभं राहून दक्षिणेकडे कॅमेरा धरायचा, तू उत्तरेकडे तोंड कर. आता पश्चिम तुझ्या डाव्या हाताला आली, नक्षीचा अर्धा भाग आकाशाच्या मऊ निळ्या उजेडात आला आणि लाल अर्धा सावलीत गेला. सूर्य बुडल्यावर अख्खं पश्चिमेचं आकाश हा तुझा दिवा आहे. एवढा मोठा आणि एवढा मऊ दिवा कुठल्या स्टुडिओत नसतो.

सावलीतला लाल भाग उठवायला एक छोटा दिवा लागेल, तेवढाच. बॅटरीवर चालणारा एलईडी, पिवळटही नाही आणि कडक पांढराही नाही असा, खोक्यावर 4000 के लिहिलेला मिळाला तर उत्तम. तो तुझ्या उजवीकडे, डोळ्यांच्या थोडा वर, 45 अंशात. नुसता लावू नकोस. घरातली जुनी काळी छत्री घे, आतून पांढरं कापड टाच, दिवा छत्रीच्या आत वळव आणि तिथून परत येणारा उजेड चेहऱ्यावर घे. छत्री जितकी जवळ तितका उजेड मऊ, फक्त चौकटीत येऊ देऊ नका. ती स्टँडला बांधू नका, एक झुळूक आली की छत्री आणि दिवा दोन्ही खाडीपार. माणसानेच धरायची. भाऊ असेल तर यंदाची ओवाळणी आदल्या दिवशीच अशी वसूल कर. दिवा इतकाच प्रखर ठेव की तो लावलाय हे फोटोत कळू नये. काही स्वस्त एलईडी कॅमेऱ्यात पट्टे पाडतात. घरी अंधारात 1/125 सेकंदाच्या शटरला चारदोन फोटो काढून आधीच तपास.

मैत्रिणीसाठी: रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढ. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नकोस, तो तुमचा निळा धुऊन टाकेल. सूर्याच्या चिन्हावर पक्का ठेव. भिंग एफ 2.2 ते 2.8, शटर 1/125, आयएसओ 400 पासून सुरू करून अंधार वाढेल तसा 1600 पर्यंत. थोडे दाणे आले तरी चालतील, हललेला फोटो चालणार नाही. फोकस जवळच्या डोळ्यावर. प्रतिबिंबासाठी कॅमेरा जमिनीलगत हवा. पाटावर प्लॅस्टिक घालून त्यावर कॅमेरा ठेव आणि स्वतः पोटावर झोप, कपडे खराब होतील असेच घालून ये. लाट मागे सरली की काही क्षण वाळूवर पाण्याचा पातळ थर चमकतो, मग वाळू ते पिते आणि प्रतिबिंब विझतं. फोटो त्या काही क्षणांत. आणि समोरची वाळू तुडवू नका! तू मागून वळसा घालून जागेवर ये, दिवेवाल्याने तुझ्या उजव्या कडेनेच फिरायचं. पावलांचे ठसे नंतर पुसत बसण्यात दिवाळीची उरलेली सुट्टी जाईल.

सोनेरी उन्हाची हौस अगदीच असेल तर पाचच्या सुमाराला अर्धा तास घे. तेव्हा सूर्य तुझ्या मागे ठेवून भावाला बाजूने कळशीभर पाणी फेकायला लाव, 1/1000 ला थेंब काचेसारखे थिजतात. पाणी फेकण्याचं काम उजेड भरपूर असतानाच होतं, नंतर शटर तेवढं वेगवान ठेवता येत नाही. पण मग हाओरी भिजू देऊ नकोस. ओला सुती लाल रंग गडद होतो, आणि दोन अर्ध्यांपैकी एक ओला, एक कोरडा असं निळ्या उजेडात स्पष्ट दिसतं.

केस तुझे काळे आणि लांब असतील तर विग नको. गियूचे केस मागे खाली बांधलेले, पण पुढून विस्कटलेले असतात. जवस उकळून काढलेला चिकट लगदा बोटांनी बटांना लाव, खारी हवा बाकीचं काम स्वतःच करते. त्या दिवशी डोक्याला खोबरेल मात्र नको, चपटे बसतील. अभ्यंगस्नान झालेलं असलं तर पुन्हा शिकेकाई. मेकअप कमीत कमी, भुवया थोड्या सरळ आणि जाड. ऑक्टोबरची उष्णता सुरू असते, घाम टिपायला पंचा जवळ ठेव, पुसू नकोस, टिप.

मागे होडी घ्यायची असेल तर होडीवाल्याला आधी विचार, आणि चपला घालून तिच्यावर चढू नकोस. परत आल्यावर कॅमेरा किंचित ओल्या फडक्याने पुसून मग कोरड्याने पुसा, किनाऱ्यावर लेन्स काढू नका. हाओरी आणि आतला शर्ट गोड्या पाण्यातून काढ, पितळी बटणांवर मीठ राहिलं की ती हिरवी पडतात.

आईचं राहिलं. “हे कसलं सोंग?” असं ती म्हणते, पण ज्या मुलखात शिमग्याला संकासुर आणि गोमू दारात नाचतात तिथल्या बाईला सोंगाचं वावडं असेल, असं मला वाटत नाही. तिला काळजी आहे ती सूर्य बुडाल्यावर दोन पोरी किनाऱ्यावर काय करणार याची. आणि ती काळजी रास्त आहे. तिला समजावत बसू नकोस, बरोबर ने. किनाऱ्यावर वस्तू सांभाळायला, हाओरीची बाही नीट करायला, “पदर सरकला” म्हणतात तसं “बाजू सरकली” सांगायला एक मोठं माणूस लागतंच. भाऊ छत्रीला, आई कपड्यांना. आणि जाताना मोठी बॅटरी घेऊन जा, परतीच्या वाटेला अंधार असेल. बामणघळीचा बेत रद्द झालाय हे तिला सगळ्यात आधी सांग, पुढचं बोलणं सोपं जाईल.

निळ्या लेन्स मागवू नकोस. वाळू, खारा वारा आणि कोणाच्या तपासणीशिवाय आलेल्या लेन्स हे डोळ्यांसाठी वाईट जुळणं आहे, आणि या फोटोत तुझा डोळा तिळाएवढा दिसणार. जवळच्या एका फोटोत बुबुळ निळं करायला संगणकावर पाच मिनिटं लागतात. मागवून झाल्या असतील तर परत पाठव, त्या पैशात तुझा एलईडी दिवा येईल.

— मावशी